कोल्हापुरात बसून अंदलुसच्या सुफींचं मूळ कसं शोधायचं

बाबुजमालच्या दर्ग्याच्या दारावर गणपती कोरलेला आहे हे कोल्हापुरातल्या पोराटोरांना पण माहीत असतं, मोहरमला तालमीतालमीत पंजे बसतात, त्यामुळं सुफी म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर एक चित्र तयारच असतं, पीर, दर्गा, उरूस, कव्वाली, हिरवी चादर. मी पण त्याच चित्रावर होतो. मग काही वर्षांपूर्वी स्पेन आणि मोरोक्कोतल्या जुन्या सुफींबद्दल वाचायला घेतलं आणि पहिल्या महिन्यातच लक्षात आलं की हे चित्र तिकडं लागूच पडत नाही. सुरुवातीचे लोक स्वतःला सुफी म्हणवत नव्हते, कव्वाली तर लांबच राहिली. आता आमच्या वाचनगटातली दोघं-तिघं विचारत होती की आम्हाला पण यात उतरायचंय, कुठनं सुरू करू, म्हणून सगळं एकदाच लिहून काढतोय. अरबी येत नसली तरी चालेल, मला पण नुसती अक्षरं लावून वाचण्यापुरतीच येते.

आधी डोक्यातला नकाशा बदला. संध्याकाळच्या नमाजला मगरिब म्हणतात हे आपल्याला ठाऊक आहे, तोच शब्द पश्चिमेसाठी, सूर्य मावळतो ती दिशा, म्हंजे आजचं मोरोक्को, अल्जीरिया, ट्युनिशिया हा पट्टा. समुद्र ओलांडून पलीकडं स्पेन आणि पोर्तुगालचा जो भाग मुसलमान राज्यकर्त्यांकडं होता तो अंदलुस. हे दोन्ही मिळून पश्चिम इस्लाम धरायचा. आणि पीर, दर्गा हे आपले शब्द बाजूला ठेवा, ते फारसीतून आलेत, इराणमार्गे दख्खनला पोचलेत. तिकडं थोर माणसाला ‘सीदी’ म्हणतात, साधकांच्या जागेला ‘झाविया’ (मूळ अर्थ कोपरा), आणि सरहद्दीवरच्या ठाण्याला ‘रिबात’, जिथं पहारा पण चालायचा आणि उपासना पण. पुढं ज्या अल्मोराविद घराण्याचं नाव येणार आहे त्याचं अरबी नाव ‘मुराबितून’, त्याच मुळापासून झालेलं. शब्द बदलले की प्रश्न बदलतात, म्हणून हे पहिल्याच दिवशी करून टाका.

तारखांचं एक सांगतो कारण यात लई गोंधळ होतो. जुने लेखक हिजरी सन देतात. हिजरी आकड्याला ०.९७ ने गुणायचं आणि ६२२ मिळवायचे, इसवी सन एखाद्या वर्षाच्या फरकानं मिळतो. हिजरी ३१९ करून बघा, ९३१ येतं, ते साल आपल्याला लगेच लागणार आहे. मोबाईलवर कन्व्हर्टर आहेतच पण हातानं आठ-दहा वेळा केलं की शतकं डोक्यात बसतात.

आता मुख्य काम. एक वही घ्या आणि दोन पानांवर मिळून पाच रकाने आखा. पाचच का, तर मला हे प्रयाग चिखलीला उभं राहून सुचलं. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती या चार नद्या आपण दाखवू शकतो, पाचवी सरस्वती गुप्त आहे म्हणतात, आणि सगळ्या मिळून पंचगंगा. आपण पंचगंगेचा उगम कुठला असं विचारत नाही, संगम कुठला असं विचारतो. अंदलुसच्या गूढ परंपरेला पण हाच प्रश्न विचारायचा. एकच उगम शोधत बसलात तर कोणा एका लेखकाच्या मागं वाहत जाल, मी तसा वर्षभर गेलो होतो.

पहिला रकाना, तिथल्या तिथं उगवलेलं वैराग्य, अरबीत ‘झुह्द’, साधं राहणं, रात्र-रात्र प्रार्थना, दरबारापासून लांब. दुसरा, पूर्वेकडून आलेली शिकवण, म्हंजे हजला गेलेली माणसं मक्केहून, बसऱ्याहून, बगदादहून जे ऐकून आणि उतरवून घेऊन आली ते, यात सहल तुस्तरी (मृत्यू ८९६) हे नाव ठळक लिहा. तिसरा, ग्रीक विचार. नवव्या शतकात बगदादमध्ये प्लॉटिनस या ग्रीक तत्त्वज्ञाचे उतारे अरबीत आले पण ते फिरले ‘ॲरिस्टॉटलचं ईश्वरशास्त्र’ या नावानं, त्यामुळं शेकडो वर्षं लोक प्लॉटिनस वाचत होते आणि ॲरिस्टॉटल वाचतोय असं समजत होते. एकापासून बुद्धी, बुद्धीपासून आत्मा, आत्म्यापासून सृष्टी असं पायरीपायरीनं खाली येणारं जग यातनं आलं. चौथा रकाना कुराण वाचण्याच्या पद्धतीचा, त्यातल्या अक्षरांचं आणि ईश्वराच्या नावांचं चिंतन. आणि पाचवा गुप्त, तो आत्ता रिकामा ठेवा, त्याच्याकडं नंतर येऊ.

रकाने झाले की एक माणूस निवडून त्याच्यावर हात बसवायचा. माझं ऐकाल तर इब्न मसर्रा घ्या. जन्म ८८३, कॉर्डोबा. वडील व्यापारी आणि विचारी माणूस, मक्केत वारले. मुलगा पण पूर्वेला जाऊन आला, वाटेत आजच्या ट्युनिशियातल्या कैरवानला थांबला, आणि परत आल्यावर कॉर्डोबाच्या वरच्या डोंगरात मोजक्या शिष्यांना घेऊन राहिला. म्हणून त्याला ‘जबली’, डोंगरवाला म्हणत. ९३१ ला गेला, पन्नाशी पण नीट झाली नव्हती.

याच्यावर हात बसवायचं कारण म्हणजे संशोधन कसं फसतं आणि कसं सावरतं ते याच्या एकट्याच्या गोष्टीत शिकायला मिळतं. १९१४ ला मिगेल आसीन पालासियोस या स्पॅनिश पाद्रींनी इब्न मसर्रावर अख्खं पुस्तक लिहिलं. माणूस प्रचंड विद्वान, अंदलुसच्या या लोकांकडं युरोपचं लक्ष वळवण्यात त्यांचा मोठा वाटा, मला त्यांच्याबद्दल आदरच आहे. पण त्यांच्या हातात इब्न मसर्राची एकही ओळ नव्हती. टोलेडोच्या काझी साइदनं अकराव्या शतकात, म्हंजे इब्न मसर्रा जाऊन शंभरावर वर्षं झाल्यावर, लिहून ठेवलं होतं की हा एम्पेडोक्लीस या ग्रीकाचा भक्त. आसीन यांनी त्याच्यावर सगळी इमारत उभी केली आणि पुढं बाराव्या-तेराव्या शतकात झालेल्या थोर सुफी इब्न अरबीपर्यंत एक आखीव शाळा दाखवली. १९६८ ला सॅम्युएल स्टर्न यांनी त्या पायावरच शंका घेतली. आणि मग १९७२ ला डब्लिनच्या चेस्टर बीटी लायब्ररीतल्या हस्तलिखितांमध्ये इजिप्तचे मुहम्मद कमाल इब्राहिम जाफर यांना इब्न मसर्राचे दोन ग्रंथ सापडले, एक चिंतनावर आणि एक अक्षरांच्या गुणांवर. वाचून बघितलं तर त्यात एम्पेडोक्लीसचं नावसुद्धा नाही!

म्हणून वहीत प्रत्येक नोंदीपुढं एक खूण करायची सवय लावा: ‘हातचं’, म्हंजे त्या माणसानं स्वतः लिहिलेलं, ‘ऐकीव’, म्हंजे इतरांनी त्याच्याबद्दल लिहिलेलं, आणि ‘विरोधी’, म्हंजे ज्यांना तो नको होता त्यांनी लिहिलेलं. इब्न मसर्राबद्दल इब्नुल फरदी लिहितो, इब्न हज्म लिहितो, दोघंही त्याच्या नंतरचे. ऐकीव टाकून द्यायचं नाही, पण हातचं मिळालं की ते आधी. आपल्याकडं बखर आणि अस्सल पत्र यात जो फरक आपण करतो तोच हा.

आता तो चिंतनाचा छोटा ग्रंथ वाचायची पद्धत सांगतो, इंग्रजी अनुवाद शोधला तर मिळतो, पानं थोडीच आहेत. हा घरात बसून वाचू नका, उसाच्या फडात जाऊन वाचा, खरंच सांगतोय. इब्न मसर्रा सुरुवात करतो रोपापासून. तो म्हणतो पाण्याचा स्वभाव खाली जायचा, मग रोपात ते वर कसं चढतं? एकच पाणी, त्यातनं पान वेगळं, फूल वेगळं, फळाची चव वेगळी, हे वाटप कोण करतं? आग, पाणी, माती, हवा यांचं एकमेकांशी जमत नाही, तर त्यांना एका देठात बांधून कोण ठेवतं? या प्रश्नाला धरून तो एकेक पायरी वर जातो, रोपाच्या वर प्राणी, त्याच्या वर आकाश, त्याच्या वर विश्वात्मा, मग बुद्धी, आणि शेवटी जो कशासारखाच नाही तो. आणि म्हणतो की प्रेषितांनी वरून खाली येत जे सांगितलं तेच माणूस खालून वर विचार करत गेला तर सापडतं, दोन्ही वाटा एकाच ठिकाणी भेटतात. जानेवारीत उसाला तुरा आलेला असताना शिरोलीच्या बाजूला बांधावर उभा राहून मी हे वाचलं तेव्हा डोंगरात बसलेला तो माणूस नक्की काय बघत होता ते मला पहिल्यांदा दिसलं. त्याआधी तीन वेळा टेबलावर वाचून झालं होतं.

या पद्धतीचं नाव ‘इतिबार’, आणि इथं एक काम अवश्य करा, शब्दाचं मूळ काढा. अरबी शब्द बहुतेक तीन व्यंजनांवर उभे असतात, याचं मूळ ऐन-बा-रा, अर्थ ओलांडणं, अलीकडनं पलीकडं जाणं. त्याच मुळापासून इबारत, म्हंजे मनातलं शब्दात ओलांडून आणणं. त्याच मुळापासून स्वप्नाचा अर्थ लावण्याचा शब्द ‘ताबीर’. आणि आपला जुना मराठी ‘इतबार’, भरवसा या अर्थाचा, तो पण फारसीमार्गे हाच शब्द! म्हंजे इतिबार करणारा माणूस दिसणाऱ्या वस्तूवर थांबत नाही, तिच्यावर पाय देऊन पलीकडं जातो, नावेतनं नदी ओलांडावी तसं. दोनशे वर्षांनी सेव्हिलकडचा इब्न बर्रजान झाला, त्याच्या वाटेच्या लोकांना ‘मुअतबिरून’ म्हणजे इतिबार करणारे असंच म्हटलं जायचं. सुफी हा शब्द त्याच्या लेखी पूर्वेकडच्यांचा. म्हणूनच मी सुरुवातीला म्हटलं की सुफी या शब्दावरनं शोध घेतलात तर पहिली दोनशे-अडीचशे वर्षं तुमच्या हातातनं निसटतात. इतिबार या शब्दावरनं घ्या.

आता पाचवा रकाना. इ.स. ९०९ ला ट्युनिशियात फातिमी सत्ता आली, ते इस्माइली शिया. त्यांचा खलीफा कॉर्डोबावर राज्य करणाऱ्या उमय्या घराण्याचा उघड शत्रू, इतका की ९२९ ला कॉर्डोबाच्या अब्दुर्रहमान तिसऱ्यानं पण स्वतःला खलीफा जाहीर केलं. इस्माइलींच्या विचारात बाहेरचा अर्थ आणि आतला अर्थ हा भेद मोठा, ग्रीक पायऱ्यांचं जग त्यांनी कुराणाच्या भाषेत बसवलेलं, ‘हो’ या ईश्वरी आज्ञेतनं आणि अक्षरांतनं सृष्टी झाली यावर त्यांचं बारीक चिंतन. आता अंदलुसच्या ग्रंथांत बघा, हेच शब्द, हाच क्रम दिसतो, पण इस्माइली हे नाव कुठं येत नाही. कसं येणार, शत्रूचा हेर म्हणून धरलं असतं. बसऱ्याच्या ‘इख्वान अस्सफा’ म्हंजे निर्मळ बंधूंची ५२ पत्रं पण याच वळणाची, ती अंदलुसला पोचली आणि वाचली गेली. मायकल एब्स्टाईन या अभ्यासकांनी २०१४ ला याच धाग्यावर इब्न मसर्रा आणि इब्न अरबी यांच्यावर पुस्तक लिहिलं, जमलं तर ते बघाच. माझं स्वतःचं मत विचाराल तर हीच गुप्त सरस्वती, आणि ती मानल्याशिवाय बाकीच्या चार नद्यांचं पाणी मोजून संगमाचा हिशोब लागत नाही. पण रकान्यात लिहिताना जपून. ‘इथं इस्माइलींसारखा शब्द आहे’ एवढंच लिहा, ‘हा छुपा इस्माइली होता’ असं लिहू नका. विचार घेणं वेगळं आणि पंथात असणं वेगळं. इब्न मसर्राला इमामाची, म्हंजे इस्माइली ज्याच्याशिवाय आतला अर्थ मिळत नाही मानतात त्या गुरूची, गरज वाटत नाही, तो रोपाकडं बघून वर चढतो, हा केवढा मोठा फरक आहे.

साम्य दिसलं की उडी मारू नका, हे आपल्या मराठी वाचकांना मुद्दाम सांगतो कारण आपल्याला मोह जास्त. कुराणातल्या २९ सूरांच्या सुरुवातीला अलिफ-लाम-मीम अशी सुटी अक्षरं येतात, एकूण वेगळी अक्षरं १४, आणि इब्न मसर्राचा दुसरा ग्रंथ त्यांच्यावरच आहे, त्यात तो सहल तुस्तरीचा आधार घेतो. हे वाचलं की आपल्याला ज्ञानेश्वरीची सुरुवात आठवते, जिथं ॐ च्या अ, उ, म मध्ये गणपतीचं रूप बघितलंय. आठवणं चांगलंच, त्यानं ग्रंथ जवळचा वाटतो. पण कोणी कोणाकडनं घेतलं म्हणायला वाट दाखवावी लागते, कुठला माणूस कुठलं पुस्तक घेऊन कुठं गेला ते. तुस्तरी ते इब्न मसर्रा ही वाट दाखवता येते, इथं येत नाही. तसंच ‘तौहीद’ला (ईश्वर एकच आहे हे मानणं) अद्वैत आणि ‘फना’ला (ईश्वरापुढं स्वतःचं विरून जाणं) मोक्ष असं भाषांतर करून टाकू नका, अरबी शब्द तसाच ठेवा आणि पुढं दोन ओळीत अर्थ लिहा.

आता सत्ता आणि हे लोक यांचं नातं, ते वाचल्याशिवाय ग्रंथ इतके झाकून का लिहिलेत ते समजत नाही. ९५२ ला खलीफाच्या हुकमानं इब्न मसर्राच्या अनुयायांविरुद्धचं फर्मान मशिदीत वाचलं गेलं, पुढं ९६१ च्या सुमारास त्याची पुस्तकं कॉर्डोबात जाळली. लेखक जाऊन तोवर तीस वर्षं झाली होती. ११०९ ला अल्मोराविद काळात पूर्वेकडचा नामांकित विद्वान गझाली याचा सगळ्यात मोठा ग्रंथ कॉर्डोबातच जाळला, गझाली तेव्हा पूर्वेला जिवंत होता. मालिकी पंथाच्या फकिहांची म्हंजे कायदेपंडितांची तिथं चालती होती, आणि कायद्याची पोथी न उघडता माणूस थेट आतून काहीतरी जाणतो म्हटल्यावर त्यांची अडचण होणारच होती.

मग अल्मोराविद सुलतान अली इब्न यूसुफनं आल्मेरियाच्या इब्नुल अरीफला आणि इब्न बर्रजानला मराकेशला बोलावून घेतलं, आणि ११४१ ला दोघंही तिथंच गेले. इब्नुल अरीफ गरीब पहारेकऱ्याचा मुलगा, बापानं विणकराकडं कामाला लावला होता पण पोराचा जीव पुस्तकात. (आमचं आजोळ इचलकरंजीचं, मागाच्या आवाजात अभ्यास म्हंजे काय ते मला माहीत आहे, त्यामुळं हा माणूस मला लई जवळचा.) इब्न बर्रजानचा मान केवढा तर त्याला अंदलुसचा गझाली म्हणत. कुराणातल्या ‘रोमन’ सूरेवर चिंतन करताना त्यानं जेरुसलेम परत मिळायचं साल हिजरी ५८३ लिहून ठेवलं, आणि सलाहुद्दीननं ते घेतलं ११८७ ला. वर दिलेल्या पद्धतीनं ५८३ चं इसवी काढून बघा. त्याच्या मरणानंतर सुलतानानं प्रार्थना न करता शव टाकून द्यायला सांगितलं, तेव्हा इब्न हिरझिहिम या फेझच्या साधूनं मराकेशमध्ये दवंडी पिटवून लोकांना अंत्ययात्रेला बोलावलं.

तीनच वर्षांत, ११४४ ला, पोर्तुगालच्या दक्षिणेला इब्न कसीच्या मुरीदांनी मेर्तोला गाव ताब्यात घेतलं, म्हंजे साधकांनी बंड करून राज्य केलं! ते टिकलं नाही, ११५१ ला तो सिल्वेशमध्ये मारला गेला. त्याच्या ग्रंथाचं नाव ‘दोन्ही चपला काढणं’. मूसा पैगंबरांना पवित्र खोऱ्यात आज्ञा झाली की पायातलं काढ, तो कुराणातला प्रसंग. चपलेच्या गावच्या माणसाला हे नाव समजावून सांगावं लागत नाही, अंबाबाईच्या दारात असो की दर्ग्याच्या उंबऱ्यावर, पायातलं काढताना आपण काय बाहेर ठेवतो ते प्रत्येकाला आतून माहीत असतं. इब्न कसी दोन चपलांचा अर्थ काय लावतो ते वाचताना हे मनात ठेवा.

इब्न अरबीकडं (मुर्सिया ११६५, दमास्कस १२४०) सगळ्यात शेवटी या, आणि त्याला उलटं वाचा. म्हंजे त्याचे ग्रंथ उघडून तो मागच्या कुणाची नावं घेतो तेवढंच आधी काढा. इब्न मसर्राचा उल्लेख आदरानं येतो. ‘ज्याच्या आधारे सृष्टी केली ते सत्य’ हा शब्दप्रयोग आपण इब्न बर्रजानकडनं घेतला असं तो सांगतो. इब्न कसीचा ग्रंथ त्याला ११९४ ला ट्युनिसमध्ये इब्न कसीच्या मुलाकडनं मिळाला, पुढं त्यानं त्याच्यावर भाष्य लिहिलं आणि तिथं मत बरंच कडक झालंय. ही प्रत्येक नोंद म्हंजे दाखवता येणारी वाट. आणि त्यानं आपल्या अंदलुसी गुरूंची जी चरित्रं लिहिलीत ती सोडू नका, कारण तिथं ग्रंथ न लिहिलेली माणसं भेटतात. सेव्हिलची फातिमा, नव्वदी ओलांडलेली, तिला इब्न अरबीनं स्वतःच्या हातानं बोरूची झोपडी बांधून दिली, ती त्याला म्हणायची मी तुझी दैवी आई. पहिल्या रकान्यात, वैराग्याच्या, अशी माणसं नसतील तर तो रकाना पुस्तकी होतो. अबू मदयनला पण तिथंच घ्या, सेव्हिलजवळचा, विणकाम केलेला, फेझला शिकला, बिजायाला शिकवलं, ११९८ ला त्लेमसेनजवळ वारला. त्याच्यानंतर शाझिली वगैरे तरीके, म्हंजे सुफी पंथ, पसरत पूर्वेला इजिप्तपर्यंत गेले, तो पुढचा विषय, उगमात तो घुसडू नका.

शेवटची कामाची गोष्ट नावांची. एकच माणूस पुस्तकात इब्न, लॅटिनमध्ये अवेन किंवा अबेन, गावकऱ्यांच्या तोंडी सीदी अमुक. सर्च करताना तिन्ही टाका, नाहीतर अर्धं सापडत नाही. इब्न बर्रजानची कबर मी कित्येक दिवस त्याच्या नावानं शोधत होतो. मराकेशमध्ये ती आहे, पण लोक तिला सीदी अबू रिजाल म्हणतात, बर्रजानचं झिजून रिजाल. म्हणून वहीच्या मागच्या पानावर प्रत्येक माणसाची सगळी नावं एका ओळीत लिहीत चला, पहिली ओळ त्याचीच करा.